एक टिंब राहिलं आणि कॉम्प्युटरनं मालकालाच बाहेर काढलं

मागच्या लग्नसराईतली गोष्ट आहे. गुरुवारी रात्री साडेनऊला भूम तालुक्यातल्या एका पोराचा फोन आला. आपल्या धाराशिवच्या बॅचला येऊन गेलेला पोरगा, घरचा खव्याचा धंदा. स्वतःच्या दोन भट्ट्या आणि आजूबाजूच्या वस्त्यांवरून दूध घालणारी चाळीसेक घरं. फोनवर पहिलंच वाक्य, "सर, कॉम्प्युटर मला ओळखतच नाही. पासवर्ड बरोबर टाकतोय, पण म्हणतो तू मालक नाहीस."

मी म्हणलं, नीट सांग, काय केलंस?

"काही नाही केलं सर."

आता 'काही नाही केलं' म्हणजे काय, हे मशीन दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. दहा मिनिटांनी खरं बाहेर आलं. त्याच्या काउंटरवरच्या जुन्या मशीनवर लिनक्स मिंट आहे, बॅचमध्येच टाकून दिलेलं. हिशोबाचं फोल्डर त्यानं नेटवर्कवर शेअर केलं होतं, म्हणजे घरी बसून त्याच्या वहिनी लॅपटॉपवरून दुधाची नोंद करू शकतील. वहिनींना फाइल उघडायची, पण सेव्ह होत नव्हती. 'परमिशन डिनाइड.' यानं इंटरनेटवर शोधलं, एक उपाय सापडला, टर्मिनल उघडलं, हिशोबाच्या फोल्डरमध्ये गेला आणि कमांड मारली. सुडो, सीएच-मॉड, डॅश मोठा आर, ७७७, टिंब, स्लॅश.

फक्त टिंब टाकायचं राहिलं.

लिनक्समध्ये 'टिंब स्लॅश' म्हणजे 'मी आत्ता ज्या फोल्डरमध्ये उभा आहे ते'. नुसता 'स्लॅश' म्हणजे सगळी सिस्टीम, मुळापासून शेंड्यापर्यंत. आणि 'डॅश मोठा आर' म्हणजे आतल्या प्रत्येक फोल्डरात आणि प्रत्येक फाइलपर्यंत जा. स्क्रीनवर ओळी पळायला लागल्या. याला वाटलं काम चाललंय. चहा पिऊन आला.

इथे एक गोष्ट सांगतो. फाइल पुसायची जी 'आरएम' कमांड आहे, ती सगळी सिस्टीम पुसायला सांगितली तर आधी नकार देते. सीएच-मॉडमध्ये तशी अडवणूक आपोआप चालू नसते. ती निमूटपणे सांगितलेलं काम करते. मला विचाराल तर हे उलटं आहे, पण आहे ते असं आहे.

त्यानंतर त्यानं मशीन बंद करून चालू केलं. आता लॉगिनची पाटी परत परत समोर यायची, डेस्कटॉप काही उघडेना. गावातल्या दुरुस्तीवाल्याला फोटो पाठवला, त्यानं फोनवरच निकाल दिला, 'फॉरमॅट मारावं लागेल, सकाळी घेऊन ये.' शनिवारी चाळीस घरांचं पेमेंट. कुणाचं किती लिटर, फॅट किती, कुणी उचल किती घेतलेली, हे सगळं त्या एका मशीनमध्ये. अण्णांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, वही लिहायची दीड वर्षापूर्वी बंद केलेली, आणि तीही याच्याच आग्रहावरून. आता समजलं ना, पोराचा आवाज का कापत होता?

मी त्याला एकच सांगितलं. फॉरमॅट करू द्यायचं नाही. तुझा डेटा जागेवर आहे. बिघडलाय तो फक्त कुणी काय करायचं त्याचा नियम.

हे कसं, ते समजून घ्या, कारण इथेच बहुतेक लोक घाबरून चुकीचा निर्णय घेतात.

लिनक्समधल्या प्रत्येक फाइलला एक मालक असतो, एक गट असतो आणि उरलेले सगळे. या तिघांसाठी तीन आकडे. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १. बेरीज करायची. ७ म्हणजे सगळं. ६ म्हणजे वाचा आणि लिहा. ५ म्हणजे वाचा आणि चालवा, पण हात लावू नका. म्हणून ७५५ म्हणजे मालकाला सगळे हक्क, बाकीच्यांनी फक्त वापरायचं. आणि ७७७ म्हणजे? गोडाऊन, गल्ला, तिजोरी, घर, सगळ्यांची दारं सताड उघडी, येईल त्याला मोकळीक.

मग प्रश्न पडतो की सगळ्यांना सगळं खुलं केलं, तर मालकालाच का अडवलं? पोरानंही हेच विचारलं. "सर, मी तर जास्त परवानगी दिली होती ना?"

इथे चौथा आकडा येतो, जो सहसा दिसत नाही. तो त्या तिघांच्याही आधी लिहितात. सुडो नावाची कमांड ही सुद्धा एक फाइलच आहे. तिचा मालक 'रूट', म्हणजे सिस्टीमचा मुख्य प्रशासक. तिची खरी परवानगी ७५५ नसून ४७५५ असते. त्या पुढच्या ४ चा अर्थ असा की ही फाइल कुणीही चालवली तरी ती मालकाच्या अधिकारात चालेल. आपल्या भाषेत सांगायचं तर कुलमुखत्यारपत्र. सही तुमची, अधिकार मालकाचा. सुडो आधी तुमचा पासवर्ड विचारते, यादीत तुमचं नाव बघते, आणि मग मालकाच्या अधिकारात काम करून देते.

आता ७७७ मारलं की पुढचा ४ गेला. मुखत्यारपत्रावरचा शिक्काच पुसला गेला. कागद आहे, मजकूर आहे, पण तहसीलात कुणी विचारत नाही. म्हणून सुडो म्हणते की माझा मालक रूट असायला हवा आणि माझ्यावर तो शिक्का हवा, तो नाही तर मी चालणार नाही. मालक व्हायचे 'एसयू' आणि 'पीके-एक्झेक' हे दुसरे दोन रस्तेही याच शिक्क्यावर चालतात, त्यामुळे तेही त्याच वेळी बंद. आतून मालक होण्याचं एकही दार उरत नाही.

ही शिक्क्याची युक्ती जुनी आहे बरं का. युनिक्स घडवणाऱ्यांपैकी एक, सी भाषेचे जनक डेनिस रिची, यांनी ती शोधली. बेल लॅब्सनं १९७३ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९७९ साली ते मिळालं. सुडो आली १९८० च्या सुमारास, अमेरिकेतल्या बफेलोच्या विद्यापीठात. भूमच्या काउंटरवरचं मशीन आजही त्याच युक्तीवर उभं आहे.

बरं, परत गुरुवारच्या रात्रीकडे.

पहिलं काम मालकी परत मिळवायचं नव्हतं. पहिलं काम डेटा बाहेर काढायचं. या क्रमात चूक करू नका. मी विचारलं, ज्या पेनड्राइव्हवरून मिंट टाकलं होतं तो आहे का? होता, कपाटात. तो लावून मशीन चालू करायला लावलं, बूट मेनूमधून पेनड्राइव्ह निवडला. मिंट पेनड्राइव्हवरूनच चालू झालं, हार्ड डिस्कला हात न लावता. याला लाइव्ह मोड म्हणतात. स्क्रीनवर 'इन्स्टॉल' असं चिन्ह दिसतं, त्याला अजिबात हात लावायचा नाही. फाइल मॅनेजर उघडला, डाव्या बाजूला हार्ड डिस्क दिसली, तिच्यात 'होम', त्यात त्याच्या नावाचं फोल्डर, आत 'हिशोब'.

"सर, सगळं आहे!"

असणारच. गंमत म्हणजे ७७७ मुळे त्या फोल्डरला कुलूपच उरलं नव्हतं, त्यामुळे कॉपीही सरळ झाली. एरवी लाइव्ह मोडमध्ये दुसऱ्याच्या होम फोल्डरमध्ये जायला सुडो वापरावी लागते, पण तिथे तिला पासवर्ड लागत नाही. अख्खं होम फोल्डर त्यानं दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतलं. वहिनींनी घरच्या लॅपटॉपवर फाइल उघडून बघितली. शेवटची नोंद त्याच दिवशीच्या सकाळच्या दुधाची. शनिवारचं पेमेंट वाचलं. तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते आणि अण्णा, असं कळलं की, जुनी वही शोधून बसले होते.

एक गोष्ट लक्षात ठेवा. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर लाइव्ह मोडमध्येही तिचा पासवर्ड लागतो. तो विसरलात तर मात्र या लेखातला कुठलाच उपाय चालणार नाही.

शुक्रवारी सकाळी पोरगा सीपीयू पिशवीत घालून धाराशिवला आला. म्हणाला, "फॉरमॅट करा आता, काही अडचण नाही." मी म्हणलं, थांब, करूच. पण त्याआधी मालकी परत कशी मिळवायची ते तू स्वतःच्या हातानं कर. उद्या एखादी लहान चूक झाली तर फॉरमॅटची गरज पडणार नाही.

कमांड इथे मी देवनागरीत, बोलतो तशा लिहितोय. टाइप करताना इंग्रजी छोट्या अक्षरांत करा, व्हिडिओत स्क्रीनवर मोठ्या दिसतील.

मशीन चालू होताना जुन्या बायोसवर शिफ्ट दाबून धरायचं, नव्या यूईएफआय मशीनवर एस्केप एकदोनदा टिचकीसारखं दाबायचं. ग्रबचा मेनू येतो. त्यात 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', त्यात 'रिकव्हरी मोड' लिहिलेली ओळ. पुढे एक छोटा मेनू येतो, त्यात 'रूट' निवडायचं आणि एंटर. मिंट आणि उबुंटूमध्ये रूटचा वेगळा पासवर्ड सहसा ठेवलेला नसतो, त्यामुळे सरळ आत जाता येतं. समोर हॅशचं चिन्ह दिसलं की समजायचं, आता तुम्ही मालक आहात. शिक्का लागत नाही, कारण सिस्टीमनं तुम्हाला सुरुवातीपासूनच मालक म्हणून आत घेतलंय.

पोरगा माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हणजे कुणीही दुकानात येऊन हे करू शकतो?"

हो. अगदी बरोबर प्रश्न. ज्याच्या हातात मशीन, त्याच्या हातात मालकी. म्हणून ज्यांच्याकडे लोकांची आधार कार्डं, सातबारे, बँकेची पासबुकं स्कॅन होऊन पडलेली असतात, त्या सेवा केंद्रवाल्यांनी डिस्क एन्क्रिप्ट करूनच मशीन लावावं. हा विषय मोठा आहे, वेगळा करू.

आत गेल्यावर डिस्क अनेकदा फक्त वाचण्यापुरती जोडलेली असते. काही बदलू गेलं तर 'रीड-ओन्ली' म्हणून नकार मिळतो. म्हणून पहिली कमांड माउंट, डॅश ओ, रीमाउंट स्वल्पविराम आरडब्ल्यू, आणि शेवटी स्लॅश. स्वल्पविरामाच्या मागेपुढे जागा सोडायची नाही.

मग सुडोचा शिक्का. सीएच-मॉड ४७५५, पुढे स्लॅश यूएसआर स्लॅश बिन स्लॅश सुडो. आमच्या केसमध्ये मालक बदललेला नव्हता, फक्त परवानगी बिघडली होती. पण काही जण सीएच-मॉडऐवजी 'सीएच-ओन' मारतात आणि सगळ्या फाइलींची मालकी स्वतःच्या नावावर करून घेतात. तिथे आधी सीएच-ओन रूट विसर्गचिन्ह रूट करून मालकी परत द्यायची आणि त्यानंतर ४७५५. हा क्रम उलटा केला तर सगळं पाण्यात, कारण मालक बदलला की लिनक्स सुरक्षेसाठी तो शिक्का आपोआप काढून घेतो. कुणीतरी मालकी बदलली आणि जुनं मुखत्यारपत्र चालूच राहिलं, असं होऊ नये म्हणून. कितीतरी लोक इथेच अडकतात. सगळं बरोबर केलं तरी चालत का नाही म्हणतात, आणि चूक फक्त क्रमाची असते.

पोरानं ४७५५ केलं, मशीन चालू करून सुडो मारून बघितली. परत नकार! पण या वेळी तक्रार वेगळी. सुडोची जी जोडफाइल असते, सुडोअर्स डॉट एसओ, ती मालकाशिवाय दुसऱ्या कुणाला लिहिता येता कामा नये. ती ७७७. तिला ६४४ केलं. परत नकार. आता 'सुडोअर्स' ही यादीची फाइल, जिच्यात कुणाला मालकाचे अधिकार आहेत ते लिहिलेलं असतं, ती कुणालाही लिहिता येतेय अशी तक्रार. बरोबरच आहे. बँकेत सही कुणाची चालते ती यादी काउंटरवर पेनासकट ठेवली तर बँक व्यवहार करेल का? स्लॅश ईटीसी स्लॅश सुडोअर्सला ४४०, तिच्या शेजारच्या सुडोअर्स डॉट डी फोल्डरला ७५५ आणि त्याच्या आतल्या फाइलींना ४४०. शेवटी 'व्ही-सुडो डॅश सी' मारून यादी तपासली. नवव्या की दहाव्या वेळी सुडो चालली. पोरगा खुर्चीतून उठला.

आणि मग मी म्हणलं, आता टाक नवीन.

त्याला वाईट वाटलं. पण विचार करा. एवढ्या झटापटीत आम्ही पाच-सात फाइली नीट केल्या. सिस्टीममध्ये लाखो फाइली असतात आणि प्रत्येकीचा आकडा वेगळा. पासवर्डची फाइल ६४० हवी, टेम्प फोल्डर १७७७ हवं. 'उलट कर' अशी कमांड नाही, कारण आधीचे आकडे कुठेच लिहून ठेवलेले नाहीत. फेडोरा किंवा रेड हॅटच्या घराण्यात आरपीएम नावाची पॅकेज व्यवस्था स्वतःकडे परवानग्यांची नोंद ठेवते, तिला सांगून बऱ्याच फाइली जागेवर आणता येतात. उबुंटू-मिंटच्या घराण्यात तशी नोंद नाही. शिवाय पासवर्डची फाइल काही काळ सगळ्यांना उघडी होती. अशा मशीनवर धंद्याचा हिशोब ठेवणं मला पटत नाही. सुडो परत मिळाली म्हणजे सिस्टीम बरी झाली असं नाही. सुडो मिळाली ती पुढची कामं शांतपणे करायला.

टाइमशिफ्ट असतं तर? मिंटमध्ये ते येतंच, सिस्टीमचा फोटो काढून ठेवतं, परवानग्यांसकट. त्याच्याकडे ते चालूही होतं. पण साठवण त्याच डिस्कच्या त्याच भागावर. ७७७ ची कमांड त्या साठवणीतही शिरली आणि बॅकअपलाही ७७७ करून आली! तेव्हापासून मी बॅचमध्ये टाइमशिफ्ट वेगळ्या डिस्कवर ठेवायला लावतो. आणि हेही सांगतो की टाइमशिफ्ट मुळात सिस्टीमसाठी आहे, तुमचं होम फोल्डर ते आपोआप घेत नाही. हिशोबाची कॉपी वेगळी, तुमची तुम्ही.

नवीन मिंट पाऊण तासात बसलं, हिशोब परत आला.

सगळ्यांची केस इतकी वाईट नसते, म्हणून दोन लहान आजार सांगून ठेवतो. फक्त सुडोअर्सचीच परवानगी बिघडली असेल आणि बाकी सगळं शाबूत असेल तर मशीन बंद करायचीही गरज नाही. पीके-एक्झेक, सीएच-मॉड, ४४०, आणि सुडोअर्सचा पत्ता. पीके-एक्झेक सुडोअर्सची यादी बघत नाही, तिचे नियम वेगळे, म्हणून ती चालते. दुसरा आजार जास्त फसवा. स्वतःला एखाद्या नव्या गटात घालायला लोक 'यूजर-मॉड डॅश मोठा जी' मारतात. त्याच्या आधी छोटा 'ए' लावायचा राहिला तर तुम्ही नव्या गटात जाता आणि बाकीच्या गटांतून निघता, सुडो गटातूनही. पुढच्या लॉगिनला मशीन सांगतं की तुमचं नाव सुडोअर्सच्या यादीत नाही. उपाय तोच, रिकव्हरी मोड, रीमाउंट, आणि मग 'अ‍ॅड-यूजर', तुमचं नाव, सुडो.

राहता राहिला मूळ प्रश्न. वहिनींची फाइल सेव्ह का होत नव्हती? त्यासाठी ७७७ लागतच नव्हतं. काउंटरच्या मशीनवर वहिनींच्या नावाचं खातं काढलं, सांबाचा पासवर्ड दिला. 'हिशोब' नावाचा गट केला, दोघांना त्यात घातलं, या वेळी छोट्या 'ए' सकट. फोल्डर त्या गटाच्या नावावर करून त्याला २७७० दिले. पुढचा २ म्हणजे आत जी नवी फाइल येईल ती आपोआप त्याच गटाची. सांबाच्या शेअरमध्ये क्रिएट मास्क ०६६० ठेवला, नाहीतर नवी फाइल गटाला फक्त वाचता येते. दहा मिनिटांचं काम. मालक दोन, बाहेरच्यांना शून्य.

शनिवारी पेमेंट झालं. अण्णांनी मात्र त्या आठवड्यापासून वही परत सुरू केली आहे, आणि पोरगाही त्यांना आता काही म्हणत नाही.

परवानग्यांचा पाया पक्का करायचा असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतून आहेत, फुकट आहेत, आणि फाइलींच्या परवानग्यांवर त्यात वेगळा धडा आहे. टर्मिनल उघडायच्या आधी तो एकदा बघा. पुढच्या व्हिडिओत मी एका जुन्या मशीनवर मुद्दाम ७७७ मारणार आहे आणि तुमच्यासमोर ते परत उभं करणार आहे. तुम्हालाही सोबत करायचं असेल तर मशीन असं घ्या, ज्यात धंद्याचं काहीच नाही, आणि मिंटचा पेनड्राइव्ह आधी तयार करून ठेवा.